जिना कुठे गेला? जुन्या बाजारपेठेतून नगरपरिषदेला खुलं पत्र

मा. नगराध्यक्ष आणि नगरपरिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

निवडणुकीचा गुलाल आता नाल्यांतूनही वाहून गेला असेल, म्हणून लिहायला बसले. मधली चार वर्षं आपल्याकडे प्रशासक होते. तक्रार घेऊन गेलं की ‘साहेब जिल्ह्याला मीटिंगला गेलेत’ एवढं ऐकून परत यायचं. आता निदान रागवायला आपली माणसं आहेत. प्रचारात सगळ्याच पॅनलांच्या पत्रकांवर एक ओळ सारखी होती: ‘जुन्या बाजारपेठेचं सुशोभीकरण’. माझं पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मी भांडे लाईनीत राहते, दुकानाच्या वर. १९८९ साली लग्न होऊन इथे आले तेव्हा रात्री जेवणं झाली की दोन्ही बाजूंच्या माड्यांवरून बायका एकमेकींशी बोलायच्या, मधला रस्ता म्हणजे जणू अंगणच. मागच्या महिन्यात एका रात्री साडेनऊला वेशीपासून गांधी चौकापर्यंत वर बघत चालत गेले. खाली शटर, वर अंधार. उजेड अकरा खिडक्यांत होता. त्यातली एक खिडकी गोडाऊनच्या राखणदाराची आणि दुसरीत देवघरातला झिरोचा बल्ब, जो घरमालक ले-आऊटमध्ये, म्हणजे गावाबाहेर शेतात पाडलेल्या नव्या प्लॉटांवर, राहायला गेल्यावरही रोज संध्याकाळी येऊन लावून जातो. त्याला काय म्हणावं, भक्ती की सवय, मला कळत नाही.

दिवसा हीच पेठ बघा. पाय ठेवायला जागा नसते. सकाळी दहा ते रात्री आठ गाव इथे तुंबतं आणि नंतर कुणीतरी बूच काढल्यासारखं ओसरून जातं. तुम्ही सुशोभीकरण कराल म्हणजे काय कराल, तेही मला माहीत आहे. पेव्हर ब्लॉक बसतील, चौकात ‘आय लव्ह’ लिहिलेली लाल अक्षरं लागतील, खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या जातील. करा, माझी ना नाही. पण जिथे रात्री माणूस झोपत नाही तिथल्या पेव्हर ब्लॉकवर सकाळी झाडू कोण मारणार?

पेठ रिकामी का झाली, याची कारणं लोक मोठमोठी सांगतात. मला एक लहान कारण ठाऊक आहे: जिना.

आपल्या लाईनीतल्या घरांची ठेवण तुम्ही पाहिली आहे. समोर ओटा, ओट्यावर दुकान, दुकानाच्या डाव्या अंगाला चिंचोळा लाकडी जिना, वर माडी, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी, परसात विहीर, मागच्या बोळात उघडणारं दार. दुकानाचं तोंड बारा फुटांचं, त्यातले तीन फूट जिन्याचे. नव्वदीत काचेच्या शोकेस आल्या आणि प्रत्येकाला आपलं तोंड पूर्ण बारा फूट पाहिजे झालं. एकाने जिना काढला, शटर रुंद केलं. शेजाऱ्याने पाहिलं, त्यानेही काढला. वर जायला मागून लोखंडी शिडी टेकवली. त्या शिडीवरून सासू चढेना, पोटुशी सून चढेना, गॅसची टाकी चढवायला दोन माणसं लागू लागली. माडीवर आधी खोके चढले, मग माणसं उतरली.

आम्हीही काढला. खोटं कशाला बोलू. १९९८ च्या दिवाळीआधी मिस्त्री बोलावला, दोन दिवसांत मेळघाटच्या सागवानाच्या पायऱ्या निघाल्या आणि त्यांचीच दुकानात फळ्यांची मांडणी केली. अजून आहे. तिच्यावर स्टीलचे डबे ठेवते. त्या वर्षी धंदा वाढला, हेही खरं. पण २०१९ च्या मे महिन्यात सासूबाईंना रात्री दम लागला तेव्हा त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांनी मागच्या शिडीवरून उतरवलं. बोळात लावलेल्या मोटरसायकली एकेक करून उचलून बाजूला ठेवल्या, कारण गाडी चौकापलीकडे येऊ शकत नव्हती. त्या अर्ध्या तासाबद्दल मी जास्त लिहीत नाही. त्या रात्रीनंतर मुलं म्हणू लागली, आई, आता इथून निघ.

पुतण्या तर रोज म्हणतो, “काकू, कायले बसता या कोंडवाड्यात? घ्या ना एखादा प्लॉट ले-आऊटमंदी.”

ले-आऊटचं मी पाहिलं आहे. माझे सासरे जुन्या वळणाचे होते, सातबाऱ्यापेक्षा जमिनीचा रंग आधी बघायचे. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानत: वस्तीची ती पांढरी आणि पिकाची ती काळी. पूर्वीच्यांनी घरं पांढरीवर बांधली ती उगाच नाही. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि फाटते. अभियंते सांगतात की तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं, ते पाणी पिऊन फुगतं. कपाशीला हीच माती सोन्यासारखी, घराच्या पायाला वैरी. चुलतदिराने बायपासकडच्या ले-आऊटमध्ये आठ वर्षांपूर्वी बांधलं. आषाढात त्यांचं पुढचं दार लागत नाही, चैत्रात त्याच दाराखालून उंदीर येतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला पडलेल्या भेगेत दहा रुपयांचं नाणं उभं जातं. मी घालून पाहिलं आहे.

आणि त्या ले-आऊटला पोहोचायला तुम्हाला काय काय करावं लागतं? शेत एन.ए. (बिगरशेती) होतं, चुन्याच्या रेषा मारल्या जातात, मुरूम पडतो, प्लॉट विकले जातात, विकणारा पुढच्या शेतावर जातो. मग तिथले लोक नळ, नाली, खांब, रस्ता मागायला तुमच्याकडे मोर्चा आणतात. जिथे एन.ए.चीही भानगड नव्हती, तिथे गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय शेताचे तुकडे पाडून विकलेले प्लॉट. त्यासाठी २००१ चा कायदा झाला आणि नंतर ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं त्यात घेण्याची दुरुस्ती आली. म्हणजे आधी पसरायचं, मागून नियमित करायचं. इकडे पेठेत जलवाहिनी आहे, नाल्या आहेत (तुंबलेल्या का होईना), शाळा, दवाखाना, बँक, बसस्थानक सगळं चालत दहा मिनिटांवर आहे, आणि वरचे मजले रिकामे. एकीकडे खर्च करून बसवलेलं गाव ओस पडतं आणि दुसरीकडे काळी कसदार जमीन घरांखाली जाते. हा व्यवहार कोणत्याही दुकानदाराला न समजण्यासारखा आहे.

जुनी घरं स्वर्ग होती असं मी म्हणणार नाही. कवेलू दर पावसाळ्याआधी फेरावे लागतात, वाळवीने आमचे दोन खांब खाल्ले, उंदीर तर घरचेच. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा आमच्या दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींच्या आत दुपारी दोनला पंख्यावर भागतं. ले-आऊटमधल्या स्लॅबखाली रात्री अकरालाही कूलरचं पाणी कोमट असतं. वीजबिल दोन्ही घरांचं ठेवून बघा.

मग लोक परत का येत नाहीत? कारण राहता येईल असं तुम्ही आणि आम्ही मिळून काही ठेवलं नाही.

कचऱ्याचंच घ्या. घंटागाडी येते सकाळी सातला. तेव्हा दुकानं बंद. दुकानदार शटर ओढतात रात्री आठ-साडेआठला आणि दिवसभराचे पुठ्ठे, थर्माकोल, पन्न्या कोपऱ्यावर टाकून घरी जातात, कारण त्यांचं घर दुसरीकडे आहे. रात्रभर त्यात मोकाट जनावरं तोंड घालतात, वारा सुटला की पन्न्या माझ्या दारात. गाडी तीच, माणसं तीच. फक्त पेठेपुरती एक फेरी रात्री साडेआठला काढा. एवढी साधी गोष्ट मी दोन वेळा लेखी दिली आहे.

मुतारीचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. अख्ख्या बाजारात पुरुषांसाठी एक आहे, तिच्या दारात इतका चिखल असतो की लोक आमच्या मागच्या भिंतीचा आधार घेतात. सगळे करतात तसं मीही देवांच्या टाइल्स लावून पाहिल्या. गजानन महाराजांच्या टाइलपासून दोन हात सरकून कार्यक्रम चालू राहिला. शेवटी मला महाराजांचीच लाज वाटली आणि मी ती टाइल काढून आणली. बायकांसाठी तर काहीच नाही. गुरुवारच्या बाजाराला खेड्यांवरून भाजी घेऊन आलेल्या बाया सकाळपासून पाणी न पिता बसतात. त्यातल्या सात-आठ जणी दुपारी माझ्याकडे येतात. “वयनी, जराशी वरती जाऊन येऊ काय?” शिडी चढताना एकीचा लुगड्याचा काठ अडकला आणि ती पडता पडता वाचली. माझ्या घरात माणूस राहतो म्हणून त्या येऊ शकतात, एवढं लक्षात घ्या. गोडाऊनचं दार कोण वाजवणार?

या भाजीवाल्यांना आणि हातगाड्यांना बायपासला हलवायचा विचार तुमच्यातले काही बोलून दाखवतात. कृपा करून तसं करू नका. गर्दीचा त्रास मला रोज होतो, तरी सांगते. चौकात रात्री दहापर्यंत आलुबोंड्याची गाडी असते म्हणून शिकवणीवरून येणाऱ्या मुली त्या रस्त्याने येतात. गाडी नसेल त्या दिवशी वळसा घालतात. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे. त्यात शहर फेरीवाला समिती नेमायची, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे आणि त्यात एक तृतीयांश बायका हव्यात, असं स्पष्ट आहे. आपली समिती आहे का, असेल तर ती कधी बसते? तिथे बसून आखा: कोणी कुठे बसायचं, बोळाचं तोंड मोकळं कसं ठेवायचं, मोटरसायकली कुठे. नागपुरातल्या इतवारी, बुधवारी, मंगळवारी, शुक्रवारी ही नावं बाजाराच्या वारांची आहेत आणि त्याच नावांच्या वस्त्यांत पिढ्यान् पिढ्या लोक राहिले. बाजार आणि राहणं यांचं मुळात वाकडं नाही.

आवाजाचं मात्र वाकडं आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, व्यापारी भागाला ६५ आणि ५५. कागदावर आमची पेठ व्यापारी. म्हणजे सरकारच्या हिशेबात इथे कुणी झोपतच नाही. रात्री दोनला धान्य लाईनीत ट्रक मागे येताना वाजणारी ती पीप-पीप मला पाठ आहे. आमच्या भागाची नोंद निवासी-व्यापारी मिश्र वस्ती अशी व्हावी आणि रात्री दहा ते सहा माल उतरवणं बंद राहावं, ही मागणी कुणाला जास्त वाटते का?

आता कागदांकडे येते, कारण खरी गाठ तिथे आहे. आमच्या लाईनीत घरांच्या आखीव पत्रिका (मालकीचे सरकारी उतारे) काढून बघा. एकेका घरावर दहा-बारा नावं. एक भाऊ पुण्याला, एक बहीण अमरावतीला, दोघे वारले, त्यांची वारसनोंद नाही. काही घरं नझूलच्या, म्हणजे सरकारी मालकीच्या, जागेवर, पट्ट्याची मुदत कधीच संपलेली. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय परवानगी नाही, परवानगीशिवाय बँक कर्ज देत नाही, आणि घरकुल योजनेचा अर्जही जागेच्या कागदावर येऊन अडतो. पडक्या वाड्यासमोर उभं राहून लोक म्हणतात, मालकाला काळजी नाही. मालक बारा आहेत, हे कोण सांगणार? महिन्यातून एक दिवस भूमी अभिलेख, नझूल आणि नगरपरिषदेची माणसं एका टेबलावर पेठेत येऊन बसली तर वर्षभरात अर्ध्या घरांचे कागद मार्गी लागतील. आम्ही मंडप घालून देऊ, चहा आमचा.

भाड्याने का देत नाही, असंही विचारलं जातं. भीतीने. शेजारच्या वाड्यात अजून महिना साठ रुपये भाड्याचा जुना भाडेकरू आहे, त्याचं उदाहरण सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून, आणि त्यातच वाट आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असेल, तर लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत मिळवायला कलम २४ खाली थेट सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. हे आपल्या गावात किती घरमालकांना माहीत आहे? नगरपरिषदेच्या दारावर एवढं एक पान लावलं तरी चार कुलपं उघडतील.

आणि भाडेकरू कुठून आणायचे, तर ते रोज सकाळी बसस्थानकावर उतरतात. शिक्षक, नर्स, बँकेतली मुलं-मुली, तहसीलचे कर्मचारी, निम्मं गाव चालवणारी माणसं जिल्ह्याहून अप-डाऊन करतात. मुख्यालयी राहायचा नियम आहे, घरभाडं मिळतं, राहतात मात्र साठ किलोमीटरवर. त्यांना नावं ठेवून झालं असेल तर एक विचारा: आपल्या गावात संडास-बाथरूम आत असलेली, बाईमाणसाला एकटीला राहता येईल अशी खोली कुठे आहे? मागच्या वर्षी एक नर्स माझ्याकडे खोली विचारायला आली होती. तिला सगळं आवडलं. शिडी पाहिली आणि “नाही जमणार काकू” म्हणून गेली.

तुमच्याच व्यापारी संकुलाकडे बघा ना. खालचे गाळे भरलेले, वरच्या मजल्यावरच्या गाळ्यांची शटर्स गंजली, कारण वर चढून कोण खरेदी करतं? जिना मात्र तिथे आहे, चांगला सहा फुटी. कायद्यात बसवून त्या मजल्यावर खोल्या काढा, आत नळ न्या, भाड्याने द्या. नगरपरिषदेला उत्पन्न येईल आणि पेठेत एकदम पंधरा-वीस दिवे लागतील. ज्यांना वाटतं की दुकानावर राहणं म्हणजे मागासलेपण, त्यांनी अहमदाबादचं जुनं शहर बघावं. २०१७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा शहर म्हणून देशातलं पहिलं नाव त्याचं घेतलं, त्यात तिथल्या पोळांतल्या, म्हणजे दाट वस्तीच्या जुन्या गल्ल्यांतल्या, घरांचाही वाटा आहे. तिथेही घरांची गोडाऊनं झालीच, आपला आजार काही वेगळा नाही.

शेवटची गोष्ट लाल रेषेची. विकास आराखड्यात आमच्या लाईनीवर रस्ता रुंदीकरणाची रेषा आहे. ती माझ्या घराच्या पुढच्या खोलीतून, अगदी त्या सागवानी मांडणीवरून जाते. रस्ता काही रुंद झाला नाही आणि होणारही नाही, कारण दोन्ही बाजूंची शेकडो घरं पाडायला पैसा कुणाकडे आहे? पण रेषा आहे म्हणून कुणी समोरची बाजू दुरुस्त करत नाही, बँक विचारत नाही, परवानगी मिळत नाही. पेठ पाडायला बुलडोझर लागला नाही, नकाशावरच्या एका रेघेने ती तीस वर्षांत पोखरली. प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली आराखड्यात फेरबदलाचा प्रस्ताव तुम्ही करू शकता. ठराव तुमच्या सभागृहात व्हायचा आहे, मुंबईत जायचं ते नंतर. गाड्यांना जागा पाहिजे तर वेशीबाहेरच्या जुन्या जिनिंगच्या मोकळ्या आवारात वाहनतळ करा आणि सकाळी अकरा ते रात्री आठ पेठेत चारचाकी येऊ देऊ नका. रुग्णवाहिका आणि बंब यांना वाट मिळेल एवढा रस्ता आजही आहे, त्यावर काय उभं आहे ते बघा.

आणि कर. माझ्या अख्ख्या इमारतीला व्यापारी आकारणी लागते, वर मी भात शिजवते तरी. माडीवर राहणाऱ्याला घराचा दर लावा, आणि जो दुकानदार नव्याने जिना बांधून वरचा मजला राहता करेल त्याला काही वर्षं सूट द्या. सूट किती, ते तुम्ही ठरवा, आमचं घासाघीस करण्यात आयुष्य गेलं आहे.

मी सुरुवात केली आहे. मुलाशी फोनवर दोन महिने वाद घालून दुकानाच्या तोंडातले साडेतीन फूट सोडायचं ठरवलं. मिस्त्री येऊन माप घेऊन गेला: सतरा पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, दार रस्त्यावर. वरच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने देईन, त्या नर्सचा नंबर जपून ठेवला आहे. परवानगीचा अर्ज दिवाळीनंतर दिला. ‘रेषेत येतं’ असा तोंडी निरोप मिळाला, लेखी उत्तर नाही. अर्जाची पोच माझ्याजवळ आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेणार असाल तर मी गॅलरीत येऊन बसते. नसेल घेणार तरी येते.

आपली,
भांडे लाईनीतली, दुकानावर राहणारी एक रहिवासी